जेवून उठलेली भिंत

यातला एक शब्द जरी खरा मानून दाखवलास, तर तुला माझ्या हातची घावनं. बस इथं पायरीवर आणि ऐक. दुर्पदाकाकीच्या परसातली भिंत जेवण झालं म्हणून उठून गेली.

एकदा नाय, दोनदा गेली. हसू नको गो. हसण्यासारखं यात काय नाय, तिच्या फणसाच्या जिवावर बेतलं होतं.

दुर्पदाकाकी म्हणजे आमच्या वरच्या वाडीतली, पाष्ट्यांची. घर उतारावर. मागचं दार उघडलं की समोर तांबड्या मातीचा चढ, आणि चढावर तिची बाग. खाली अळू, मधे हळद, वर अबोली, आणि अगदी कडेला फणस. कापा जातीचा. हा फणस तिनं आणि तिच्या सासूनं मिळून वाढवला. म्हणजे मिळून असं नाय, दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. सासू सकाळी वरच्या अंगानं पाणी घालायची, ही संध्याकाळी खालच्या अंगानं. दोघी म्हणायच्या झाड माझं. सासू गेली तेव्हापासून काकी दोन्ही वेळा पाणी घालते. सकाळचं वरच्या अंगानंच.

पण माती काय थांबत नाय. दर पावसाळ्यात हातभर खाली यायची आणि मागच्या दारात येऊन बसायची. एका साली फणसाची मुळं उघडी पडली आणि झाड घराकडं वाकून बघायला लागलं. मग ग्रामसेवक आला. निकम त्याचं नाव, सगळे भाऊसाहेब म्हणतात. त्यानं झाड बघितलं, कौलं बघितली आणि कागद दिला. मृगाच्या आत बांध घाला. मृगाच्या दिवशी बांध उभा दिसला नाय तर झाड तोडणार.

"कोण तोडणार?" काकीनं विचारलं.

"पंचायत."

"पंचायतीनं कधी तांब्याभर पाणी घातलं त्याला?"

"काकी, कागदावर तसा रकाना नाही," भाऊसाहेब म्हणाला आणि फटफटीवर बसून गेला.

काकीनं लवू मिस्त्रीला बोलावलं. लवू म्हणाला, चिरेखाण बंद आहे, चिरा मिळायचा नाय, सिमेंटच्या ब्लॉकचा बांध घालू. घाटावरून टेम्पो भरून ब्लॉक आले.

आता ब्लॉकचं कसं असतं ते सांगते, म्हणजे मधेच विचारत बसायची नाय तू. जांभा चिरा इथल्याच मातीतला, घरचा माणूस. त्याला कुठंही बसव, तो हलत नाय. ब्लॉक पडला पाव्हणा. साच्यातून निघतो, टेम्पोत बसून घाट उतरतो आणि येतो तो जेवायला आल्यासारखाच येतो. मिस्त्री खाली माल पसरतो ना, सिमेंट-वाळूचा, ते त्याचं पान. वरून रोज पाणी मारायचं, ती त्याची आमटी. उपाशी ठेवलास तर तडकतो. पोटभर घातलंस तर जेवून उठतो. घराच्या भिंतीचं ठीक असतं, तिच्या डोक्यावर स्लॅब. एवढं वजन डोक्यावर घेऊन कोण उठणार? परसातल्या बांधाच्या डोक्यावर काय असतं? आभाळ. त्याला उठायला कुणाची आडकाठी?

लवूनं चर खणला, खडी टाकून धुमसली, सुतळी ताणली आणि पहिला थर अर्धा जमिनीत बसवला. त्यावर आणखी चार थर. सांध्यावर सांधा येऊ नये म्हणून दोन थरांच्या टोकांना अर्धे ब्लॉक लागले, ते त्यानं छिन्नीनं तोडले. तीन सरळ तुटले. चौथा तिरका तुटला, तोंड वाकडं झालेलं. लवू म्हणाला, असू दे, टोकाला कोण बघतंय. पाणी निघायला भिंतीत चार पाइप ठेवले. काकीनं सात दिवस पाणी मारलं.

आठव्या दिवशी सकाळी काकी तांदूळ धूत होती. मागनं एका सुरात आवाज आला, "अन्नदाता सुखी भव!"

ती दारात आली तर वरचा थर खाली उतरला होता. मग त्याच्या खालचा उतरला. शेवटी जमिनीतले उठले, अंगावरची माती झटकली. सगळे ओळीनं पाण्याच्या डोणीवर गेले, हात धुतले, चूळ भरली आणि पाणंदीनं चालायला लागले. चरात मालाचा कण राहिला नव्हता. पान चाटूनपुसून साफ.

दुपारी ते सापडले शाळेच्या व्हरांड्यात. सुट्टी होती. सगळेच्या सगळे डाव्या कुशीवर झोपलेले.

लवू आला, त्यानं रिकामा चर बघितला आणि डोकं खाजवलं. "काकी, पाणी मारताना 'सावकाश होऊ द्या' म्हणालीस का?"

"नाय रे."

"मग झालं तर. यजमान तसं म्हणत नाय म्हटल्यावर पाव्हण्यांना वाटतं, आपण लवकर आटपावं अशी यांची इच्छा आहे."

काकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. का, ते सांगते. चाळीस वर्षं वाडीतल्या एकेका लग्नात तिनं पंगत वाढलेली. कमरेला पदर खोचून भाताची परात घेतली की दीडशे पानं एका फेरीत. कुणाला मीठ पोचलं नाय, कुणाची लाडवाकडं नजर आहे, सगळं तिला लांबून कळतं. आणि तिच्याच परसात पंगत बसली तर हिला ती पंगत दिसली नाय, हिला भिंत दिसली! पाइपानं पाणी मारत होती, जसं काय गाडी धुतेय.

दुसऱ्या वेळी तिनं सगळं रीतीनं केलं. शाळेत गेली, एकेका ब्लॉकला कुंकू लावलं, अक्षत ठेवली आणि म्हणाली, "यायचं हं घरी. मागच्या वेळी चुकलंच आमचं." ब्लॉकांनी एकमेकांकडं बघितलं. मग त्यातला एक, कोपऱ्यावरचा, जरा मानाचा असावा, तो म्हणाला, "एवढं म्हणताय तर येतो."

लवूनं परत बसवले. काकीनं या वेळी पाइप बाजूला ठेवला. कळशी कमरेवर घेऊन वाकून वाकून वाढलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दर चार ब्लॉकांमागं, "सावकाश होऊ द्या. सावकाश." शिवाय तिनं मनाशी एक ठरवलं होतं. ताक वाढायचं नाय. ताकभात झाल्याशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाय, आणि यजमानाकडं ताक मागायचं तर पाव्हण्यांना लाज वाटते. बसू देत वाट बघत. सात दिवस झाले, आठ झाले, दहा झाले. भिंत बसलेली. वरनं माती येऊन तिला टेकली तरी बसलेली. फणस पण जरा सावरल्यासारखा दिसायला लागला.

अकराव्या दिवशी काकी बाजारात गेली. पावसाळ्याची सुकट भरायची होती. परत येऊन बघते तर परस मोकळं. चरात पांढरे थेंब सांडलेले. तिनं बोटावर घेऊन चव बघितली. ताक होतं. कोथिंबीर लावलेलं.

तिनं वाडीत घरोघर जाऊन विचारलं. मलापण विचारलं. मी म्हटलं, मला काय माहीत बाई.

त्या खेपेला ब्लॉक एसटीच्या शेडमधे जाऊन आडवे झाले. गाडीची वाट बघणारी माणसं उन्हात उभी राहिली, कुणी त्यांना उठवलं नाय. जेवून झोपलेल्याला कसं उठवणार? पण इकडं टेकलेली माती मोकळी झाली, ती घसरली, आणि फणसाची एक फांदी कौलांवर टेकली. मृगाला राहिले अठरा दिवस.

लवू म्हणाला, "काकी, आता माझ्याच्यानं होत नाय. बसवणं माझं काम. बसून राहणं त्यांच्या मर्जीवर."

काकी घरात आली. धाकूकाका जेवत होता. धाकूकाका म्हणजे तिचा नवरा. ती बाजारात गेली तेव्हापण जेवत होता.

हा माणूस आमच्या पंचक्रोशीत सगळ्यात सावकाश जेवणारा. वाईट नाय हो, स्वभावानं देवमाणूस. पण घास तोंडात घेतला की तो त्याच्याशी ओळख करून घेतो. लवूच्याच लग्नात काय झालं होतं, विचार त्याला. पहिल्या पंगतीत धाकूकाका बसला. सगळ्यांचं आटपलं. आता शेवटच्या माणसाचं झाल्याशिवाय पंगत उठत नाय, ही आपली रीत. वाट बघून बघून हात वाळले. दुसरी पंगत बाहेर ताटकळली. वरात निघायची वेळ झाली, वाजंत्रीवाले भिंतीला टेकून घोरायला लागले, नवरी रडकुंडीला आली, आणि धाकूकाका दुसऱ्या भातावर! तेव्हापासून वाडीनं त्याला पंगतीला बसवणं बंद केलं. भांडण नाय, काय नाय. त्याचा डबा गुपचूप घरी यायचा. अठरा वर्षं झाली त्याला. तो पण काय बोलला नाय कधी. लग्नाचा बँड वाजायला लागला की खिडकीशी बसून डबा सोडायचा, एवढंच.

काकी भाताचं पातेलं घेऊन त्याच्यासमोर उभी होती. लग्न झाल्यापासून रोज ती अशीच उभी असते, याचं होईपर्यंत. त्या दिवशी उभ्या उभ्या तिनं एकदा नवऱ्याकडं बघितलं. मग मागच्या दाराकडं बघितलं. परत नवऱ्याकडं बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "तुम्हाला पंगतीचं बोलावणं आहे."

धाकूकाकाचा घास हवेतच राहिला. "कुणाकडचं?"

"आपल्याच परसातलं."

"बसू देतील मला?"

"पाव्हणे घाटावरचे आहेत. त्यांना तुमची माहिती नाय."

धाकूकाकानं घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "माझी टोपी धुतलेली आहे का?"

तिसऱ्यांदा काकी अक्षत घेऊन एसटीच्या शेडमधे गेली. ब्लॉक आले. लवूनं बांध घातला आणि काकीनं सांगितलं तसं जमिनीच्या वरच्या थरात, टोकाला, एका माणसाची जागा सोडली. तिथं पाट मांडला, केळीचं पान मांडलं. धाकूकाका धुतलेली टोपी घालून बसला. त्याच्या उजवीकडं माती, डावीकडं तो तिरका तुटलेला अर्धा ब्लॉक.

"कुठले आपण?" धाकूकाकानं विचारलं.

"घाटावरचा," अर्धा म्हणाला.

"गडबडीत आहात?"

"छे हो. मला तोंडच अर्धं."

धाकूकाकाला एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्यानं सरकून बसायला जागा दिली. अर्धा सरकला नाय, पण म्हणाला, "बरं वाटलं."

काकी वाढत होती. ब्लॉकांना पाणी, नवऱ्याला भात. सातव्या दिवशी बाकीच्या सगळ्यांचं आटपलं. बसले धाकूकाकाकडं बघत. काका वरणात भात कालवत होता. नवव्या दिवशी वरच्या थरातला तो मानाचा खाकरला. दहाव्या दिवशी म्हणाला, "काका, आमाला लांब जायचंय."

काकी लगेच कळशी घेऊन पुढं झाली. "सावकाश होऊ द्या हं. घाई नाय कुणाला."

आता यजमानीणच असं म्हणाल्यावर पाव्हणा कसा उठणार? बसला. वरनं माती आली, पाठीला टेकली. भिंतीनं ती धरली. ताकाचं मडकं काकीनं या वेळी कपाटात ठेवलं होतं आणि कपाटाची किल्ली पदराला होती. मी एकदा सहज डोकावले, तर तिनं मला मागच्या दारापर्यंतपण जाऊ दिलं नाय. "काय हवं?" म्हणाली. म्हटलं, काय नाय, विरजण होतं का बघायला आले.

मृगाचा दिवस उजाडला. दहाच्या सुमाराला भाऊसाहेब आला, रजिस्टर घेऊन, आणि बरोबर करवतवाले दोघं. काकी त्यांना घेऊन मागच्या दारात आली आणि तिथंच थिजली.

धाकूकाकाचं पान रिकामं होतं.

त्यानं बोटं चाटली. चाळीस वर्षांत तिनं त्याला बारा वाजायच्या आत बोटं चाटताना बघितलं नव्हतं. पण बिचारा पंधरा-सोळा दिवस एका पंगतीत बसला होता, कधीतरी संपणारच की. त्यानं मोठा ढेकर दिला. परसभर ऐकू गेला. भिंत पण ऐकत होती. वरचा थर जरासा उचलला. त्याच्या खालचा उचलला. पाठीमागची माती भुरभुरली, फणसानं कौलावर पान घासलं. करवतवाल्यांनी करवत खांद्यावरून खाली घेतली. धाकूकाकानं गुडघ्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांनी एका सुरात तोंड उघडलं, "अन्न..."

"मला जरा भात," अर्धा म्हणाला.

सगळे थांबले.

"गरम असेल तर," अर्धा म्हणाला. "आत्ताशी कुठं चव लागायला लागलीय."

उचललेला थर परत बसला. त्याच्या खालचा बसला. धाकूकाका अर्धवट उठला होता, तोपण बसला. पंगत ती पंगत. एकाचं चालू असताना दुसऱ्यानं उठायचं नसतं, आणि धाकूकाकासाठी अख्खं गाव कितीदा बसलं होतं! तो कुठल्या तोंडानं उठणार?

काकीनं कळशी घेतली आणि अर्ध्याला वाढलं. एक थेंब बाहेर सांडला नाय.

भाऊसाहेबानं भिंतीला हात लावून बघितलं. मग खांदा लावून बघितलं. टेप काढला. "बांध बसलेला आहे," तो म्हणाला.

"बसलेलाच आहे," काकी म्हणाली.

"आणि हे गृहस्थ?"

"ते पंगतीत आहेत."

"कुठवर?"

"त्या अर्ध्याचं होईपर्यंत."

भाऊसाहेबानं अर्ध्याकडं बघितलं. अर्धा चावत होता. भाऊसाहेबानं रजिस्टर चाळलं, पुढं गेला, मागं आला. "गृहस्थासाठी रकाना नाही," तो म्हणाला. मग जरा विचार करून त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "लांबी एकतीस फूट, टोकाला गृहस्थ एक. झाड तोडणे रद्द. गृहस्थ हलल्यास पुन्हा पाहणी करावी." काकीनं खाली अंगठा दिला. सही येते तिला, पण हात ओला होता.

करवतवाले चहा पिऊन गेले.

मग पाऊस लागला, माती आली, भिंतीला टेकली, थांबली. अळू कमरेएवढं झालं. धाकूकाकाच्या डोक्यावर काकीनं इरलं घातलं. सकाळी चहा तिथंच, पेपर तिथंच. बाकीचं विचारू नको. लवूनं पाणी निघायला पाइप ठेवले होते, एवढंच सांगते.

आता तुला वाटेल काकीनं पण तिथंच पान मांडून बसावं, नवऱ्याशेजारी. पण वाढणारी कधी पंगतीत बसत नाय. एक फेरी घातली की दारात उभी राहते, कळशी कमरेवर घेऊन, जशी रोज राहायची तशीच. फणस आहे जागेवर. फांदी कौलांवरून उठलीय. त्या साली बावीस फणस लागले, त्यातला एक सासूच्या बाजूनं.

श्रावणात एकदा काकी अशीच दारात उभी होती. धाकूकाकाचा उष्टा हात केव्हाचा वाळून खडखडीत झालेला. त्यानं अर्ध्याकडं बघितलं. अर्ध्याच्या तोंडात अजून तोच घास. धाकूकाकानं टोपी काढली, परत घातली. पाय या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. शेवटी राहवलं नाय त्याला.

"अहो," तो म्हणाला, "जरा हात चालवा की."

काकीनं ऐकलं. तिनं कळशी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला आणि आत चुलीपाशी गेली. तिथं ती बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभी होती, खांदे हलत होते. मग डोळे पुसून, पदर खोचून, कळशी घेऊन परत बाहेर आली.

"सावकाश होऊ द्या," ती म्हणाली. "सावकाश."

आजपण बसलेत. जाऊन बघ. जाताना हात हलवत जा, हातात भांडं दिसलं तर काकी परसात येऊ द्यायची नाय.

काय गो, अशी काय बघतेस माझ्याकडं? बसला विश्वास? बसला असेल तर घावनं देणं लागते मी, पण पीठ संपलंय. आणि ताकाचं काय विचारतेस? कोथिंबीर काय एकट्या माझ्याच परसात लागते? जा आता.